पांढरी भाजी

समोरच्या टेबलावरचा जाडसर माणूस हात धुवायला उठला आणि इतका वेळ त्याच्या पाठीमागं झाकलेली पाटी दीक्षाला दिसली. काळी पाटी, खडूची अक्षरं, कोपऱ्यात एका रेघेत काढलेली सोंड. आज संकष्टी. उपवासाचे पदार्थ मिळतील. तिनं ती वाचली आणि आपल्याला काय त्याचं, म्हणून नजर पुढं सरकवली, गल्ल्यावर बसलेल्या हिंदुरावांच्या टकलाकडं, तिथून पंख्याकडं. आणि मग ती दचकली, झोपेत पायरी चुकावी तशी. ती पुन्हा पाटीकडं वळली. उपवासाचे. मग ताटाकडं. सुजीच्या ताटात पुरीशेजारी बटाट्याची भाजी होती आणि ती पांढरी होती. हळदीचा कण नाही. जिरं, हिरवी मिरची, कोथिंबीर, आणि फोडींना चिकटलेलं काहीतरी भुरभुरीत, जे मघापासून तिला बटाट्याचाच भुगा वाटत होतं. सुजीचा एक गाल फुगलेला होता. ती चावत होती.

"थुंक," दीक्षा म्हणाली.

सुजीनं डोळे मोठे केले. जेवताना थुंकायचं नसतं हे तिला आईनंच शिकवलं होतं.

"सुजी, थुंक. इथं. आईच्या हातात."

तळहातावर कोमट लगदा पडला. पण त्याच्या आधीचा घास गेला होता, कदाचित त्याच्याही आधीचा एक. दीक्षाला सांगता आलं नसतं, कारण नेमका तेवढाच वेळ ती मुलीच्या तोंडाकडं बघत नव्हती. ती वडिलांच्या तोंडाकडं बघत होती. किसन हसला होता. दीक्षाची आई गेल्यापासून पहिल्यांदा, पुरी फुगलेली बघून तो नातीला म्हणाला होता, "हिला टाचणी लावली तर उडंल बघ ही, पार भोसरीला जाईल," आणि स्वतःच हसला होता. त्या हसण्यात आईचं काहीतरी होतं, ते शोधत दीक्षा क्षणभर बसून राहिली होती. तेवढंच.

"काय झालं गं?" किसननं विचारलं.

"काही नाही पप्पा," ती म्हणाली. तिच्या तोंडून तेच आलं. काही नाही. मुठीत लगदा होता, तो तिनं ताटाच्या कडेला पुसला आणि बोटाच्या टोकानं थोडा जिभेवर ठेवला. मिरची लागली. मग मीठ. मग काहीतरी खमंग, पण ते जिऱ्याचं होतं की दाण्याचं, कळेना. तिच्या जिभेवर तिचा भरवसा राहिलेला नव्हता. घरात शेंगदाणा यायचा बंद होऊन तीन वर्षं होऊन गेली होती आणि तेव्हापासून तिला तो सगळीकडं लागत होता. बिस्किटात, पावात, एकदा तर टूथपेस्टमध्ये. समाधान तेव्हा हसला होता. "अगं, तुझ्या डोक्यातच दाण्याचं पोतं फुटलंय." नवरा आहे, हसणारच. आता तो चाकणला कंपनीत होता, रविवारचा ओव्हरटाइम, आणि फोन लॉकरमध्ये. हे माहीत असून तिनं टेबलाखाली त्याचा नंबर लावला, वाजू दिला, बंद केला.

तीन वर्षांपूर्वीची ती संक्रांत होती. शेजारच्या स्वरूपानं दारातूनच सुजीच्या हातावर तिळगूळ ठेवला. तीळ, गूळ, आणि अर्थातच दाण्याचा कूट. पण त्याला कोण धरतं? मीठ जसं कुणी धरत नाही तसं. सुजी तेव्हा दीड वर्षाची. आधी ओठ लाल झाले, मग जाड, मग ती रडायला लागली आणि रडता रडता आवाज यायचा थांबला. तोंड तसंच उघडं, चेहरा रडका, आणि आवाज नाही. ते दृश्य दीक्षाच्या आत कुठंतरी अजून चालू होतं, शेजाऱ्यांचा टीव्ही भिंतीपलीकडं चालू असावा तसं. त्या दिवशीही ती आधी थांबली होती. थोडं बघू, पाणी देऊ, मिरचीबिरची लागली असेल. रिक्षानं पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत सुजीची नखं निळी पडली होती. नंतर डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या होत्या, रागावून नाही, अगदी शांतपणे, "पुढच्या वेळी थांबायचं नाही. श्वासाची शंका आली की द्यायचं. इंजेक्शननं नुकसान होत नाही, थांबण्यानं होतं." त्यांनी औषधाची काचेची कुपी, अँप्यूल, कशी फोडायची, औषध कुठल्या रेघेपर्यंत ओढायचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला सुई कशी सरळ घालायची, सगळं दाखवलं. घरी तिनं संत्र्यावर सराव केला. तेव्हापासून तिच्या पर्समध्ये चष्म्याची एक जुनी डबी असे. तिला चष्मा नव्हता.

आणि तेव्हापासून शहर बदललं. सोसायटीच्या ग्रुपवर दर शनिवारी कुणीतरी विचारायचं, कुठं चांगलं जेवायला मिळतं, आणि उत्तरांचा पाऊस पडायचा. दीक्षा सगळी वाचायची आणि तिच्या मनातला नकाशा भराभर काळा होत जायचा. लोकांना रस्ते दिसत, तिला भटारखाने दिसत. भोसरीच्या नाक्यावरची मिसळ, नाही. रश्श्याच्या तळाशी काय असतं ते त्या मालकालाही माहीत नसेल. चाकण रस्त्यावरचे ढाबे, नाही. ग्रेव्ही दाट करायला काजू महाग पडतात. चायनीजच्या गाड्या, नाही. पिंपरी कॅम्पातला दालपकवानवाला चालायचा, कारण तो सगळं आपल्यासमोर करायचा आणि त्याच्याकडं कूट हा प्रकारच नव्हता. तसेच त्याच्या शेजारचे छोले. देहूरोडच्या बेकरीतला साधा बन, तोही सकाळचा, केकचे ट्रे यायच्या आधी. एवढीच जागा उरली होती. मैत्रिणी म्हणत, किती विचार करतेस. तिला विचार करायचा नव्हता, विचारायचं होतं. प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक पदार्थाचं, आणि एकदा विचारून वेटर आत जाऊन आला असं दिसलं नाही तर पुन्हा.

आणि नेमकं तेच पप्पांना सोसत नव्हतं. ते कधी म्हणाले नाहीत, पण ती वेटरला थांबवून विचारायला लागली की ते भिंतीकडं बघत, त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होत. लहानपणी पगाराच्या रविवारी ते तिला आणि आईला इथंच घेऊन यायचे, पिंपरी बाजाराच्या या गल्लीत, हिंदुरावांकडं. अंगावर इस्त्रीचा शर्ट, हाताला कंपनीतल्या भट्टीचा वास, जो साबणानं जात नसे. आई कुरकुरायची, तिला बाहेरचं खाणं म्हणजे उधळपट्टी वाटे. पण किसन दारातून आत शिरताना वेगळाच दिसे, उंच. असं का, ते त्यानं दीक्षाला बारावीच्या निकालाच्या दिवशी सांगितलं होतं, याच टेबलावर. "गावाकडं हाटेल हुतं. आमची कपबशी भाईर, खिळ्याला. आपुन इसळायची, आपुन लावायची. मी पोरगा हुतो, नवीन मानूस बसला हुता गल्ल्यावर, त्यानं पैल्यांदा काय इचारलं? कुनाचा रं तू? च्या मागितला, तर कुनाचा रं तू. मग हितं आलो. ह्या हिंदुरावाकडं घाबरत घाबरत बसलो, बाकड्याच्या कडंला. तर ह्यो आला, फडकं मारलं, म्हनला, काय घेनार? काय घेनार! तेवढंच. नाव न्हाई, गाव न्हाई. पोरी, हाटेलात इचारायचं नसतं. मागायचं असतं." आणि इतक्या वर्षांत हिंदुरावांनी त्याला नाव विचारलं नव्हतं. 'या, कंपनीवाले' म्हणायचे. किसनला याचा केवढा अभिमान होता. लोक ओळख सांगण्यात मोठेपणा मानतात; तिच्या बापाला न सांगावी लागण्यात वाटे.

म्हणून सकाळी तो देहूरोडहून अचानक दारात उभा राहिला आणि म्हणाला, "चला, हिंदुरावाकडं जाऊ. सुजीनं बगितलंच न्हाई," तेव्हा तिला नाही म्हणता आलं नाही. येताना चिंचवडगावात गणपतीच्या देवळापाशी गर्दी लागली, हारवाले, दूर्वांच्या जुड्या, लांबच लांब रांग. रविवार आहे, तिला वाटलं. तिला वाटलंच नाही खरं तर. त्यांच्या घरातल्या दिनदर्शिकेवर पौर्णिमा ठळक होत्या. चतुर्थी, एकादशी शेजारच्या दारापर्यंत येत आणि तिथूनच परत जात. आई फुशारकीनं सांगायची, "आपल्यात उपासतापास न्हाई. पोट हाय, ते भरायचं." बाटलीवरची, पुड्यावरची बारीक अक्षरं दीक्षा पाठ करत आली होती, पण कुठल्या दिवशी सगळ्या शहराच्या कढईत दाण्याचा कूट पडतो हे तिला माहीत नव्हतं. हे माहीत असायला ज्या घरात जन्मावं लागतं, तसलं तिचं घर नव्हतं.

मघाशी तिनं विचारलं होतं. एकदा. आवाज खाली ठेवून. "दादा, वरणात शेंगदाणे वगैरे नाहीत ना?" वेटर, रणजीत नावाचा, मिशीवाला, खांद्यावर फडकं टाकलेला, मोठ्यानं म्हणाला, "वरणात कोण दाणे घालतं हो ताई?" शेजारच्या टेबलावरची दोन पोरं खिदळली. किसन भिंतीकडं बघायला लागला. पाळ्या लाल. आणि मग त्यानंच, जणू विषय झाकायला, मोठ्यानं सांगितलं, "पोरीला पुरी आना, आन् तुमची पिवळी भाजी." रणजीत म्हणाला, "पिवळी नाय आज. पांढरी आहे." "चालतीय की." दीक्षाच्या घशात प्रश्न आला होता. पांढरी का? एवढाच, दोन शब्दांचा. तिनं वडिलांच्या कानाकडं पाहिलं आणि तो गिळला. गिळताना तिला बरंही वाटलं होतं, एका रविवारपुरतं आपण इतरांसारखे आहोत असं.

सुजी खोकली.

साधाच खोकला, एक. दीक्षानं तिला उचलून मांडीवर घेतलं. ओठ बघितले, ओठ तेलकट होते. मान बघितली. मानेवर कानाखाली एक लाल ठिपका होता; तो सकाळचा डासाचा की आत्ताचा?

"सुजी, काय होतंय? सांग मला."

"जिभेवर मुंग्या."

"तिखट लागलं का?"

सुजीनं विचार केला. चार वर्षांच्या मुलांना विचार करताना बघण्याइतका वेळ जगात नसतो. "मुंग्याच," ती म्हणाली आणि मान खाजवली.

"मिरची लागली असंल," रणजीत कुठूनसा आला. "साखर द्या चिमूटभर."

"पाठीत थापटा," मागून एक बाई म्हणाली. "वर बघ बाळा, वर बघ, चिमणी."

"ठसका आहे ठसका. आमच्या नातवाला पण होतो."

"दादा, या भाजीत दाण्याचा कूट आहे का?" दीक्षानं विचारलं. आता आवाज खाली नव्हता.

"आता ते मला काय माहीत ताई, मी आणणारा."

"मग आत विचारून या!"

"आत गर्दी बघताय ना? आणि असला तर काय विष आहे का? अख्खं गाव खातंय."

अख्खं गाव खातंय. तिनं पर्स उघडली. डबी हाताला लागत नव्हती, रुमाल लागला, किल्ल्या, सुजीचा मोजा. डबी लागली. आत सिरिंज आणि अँप्यूल; अँप्यूल बोटाएवढीही नव्हती, थंड. आजूबाजूला चमचे थांबलेले तिला ऐकू आले. आणि त्यातही, हा सगळा गोंधळ चाललेला असताना, तिच्या मनातला एक कोपरा विचारत होता, नसलाच कूट तर? भरल्या हॉटेलात पोरीला सुई टोचली आणि नुसती मिरचीच असली तर? पप्पा पुन्हा इथं कसे येणार? त्या कोपऱ्याचा तिला राग आला. तोच कोपरा संक्रांतीलाही बोलला होता.

तिनं मान वर केली तेव्हा समोरची खुर्ची रिकामी होती.

किसन भटारखान्याच्या दारापाशी पोचला होता. उंबरठा काळा, ओला. आतून वाफ आणि तेलाचा आवाज. त्याच्या पाठीवरचा इस्त्रीचा शर्ट तिला दिसला, चुरगळलेला, आणि तो तिथं थांबला. एक पाय उचललेला. इतक्या वर्षांत तो माणूस त्या बाकड्याच्या पलीकडं गेला नव्हता. मग तो आत गेला.

"ओ, ओ! आत कुठं?" आतून आचाऱ्याचा आवाज. "कोण तुम्ही? कोण हवंय?"

दीक्षाच्या हातात रुमाल होता, रुमालात अँप्यूल, आणि तिला वाटलं, आता पप्पा मागं फिरतील.

"मी किसन धोंडीबा साळवे," तिच्या वडिलांचा आवाज आला. असा आवाज तिनं त्यांच्या तोंडून फक्त जयंतीच्या दिवशी, घोषणेत ऐकला होता. "पोरीचा आजा हाय मी. त्या पांढऱ्या भाजीत कूट हाय का न्हाई, तेवढं सांग."

"आई," सुजी म्हणाली. पण ते 'आई' नव्हतं; त्यातला स्वर कुणीतरी काढून घेतला होता, नुसती हवा उरली होती. आणि दीक्षाच्या आत चालू असलेला तो टीव्ही एकदम भिंतीच्या अलीकडं आला.

तिनं अँप्यूलची मान मोडली. सुई आत, दट्ट्या मागं, रेघेपर्यंत. एक बुडबुडा वर गेला. "बाळाला काय करताय हो?" ती बाई म्हणाली, आणि कुणीतरी व्हिडिओ काढतंय की काय असंही तिला वाटून गेलं. तिनं सुजीचा पाय आपल्या दोन गुडघ्यांत धरला, फ्रॉक वर केला आणि उत्तर यायच्या आधी सुई सरळ आत घातली. संत्र्यासारखं नव्हतं ते. संत्रं अंग चोरत नाही. सुजीनं तोंड उघडलं आणि रडली, बिनआवाजाची.

"हाय!" दारातून किसन ओरडला. हातात एक स्टीलचा डबा होता, तो त्यानं आचाऱ्याकडून ओढूनच आणला असावा. झाकण नव्हतं आणि त्याच्या बोटांना, शर्टाला करडा भुगा लागला होता. "हाय गं दीक्षे, कूट हाय! मूठमूठ घातलाय भाड्यानं!"

"तिथंच थांबा!" ती किंचाळली. "पप्पा, जवळ येऊ नका. हात धुवा आधी. शर्ट काढा."

आणि तिच्या बापानं, जो दारातून आत शिरताना उंच दिसे, त्या भरल्या हॉटेलात डबा खाली ठेवला, इस्त्रीचा शर्ट काढून टाकला आणि बनियनवर बेसिनपाशी उभा राहून कोपरापर्यंत हात धुवायला लागला. घासून, भट्टीवरून आल्यासारखे. हिंदुराव गल्ल्यावरून खाली उतरले होते. "रणजीत, रिक्षा आण, पळ," ते म्हणाले, आणि मग किसनकडं वळून, "साळवे, दवाखान्यापर्यंत मी येऊ का हो?" किसननं नळ बंद केला. "नगं. तुमी ती पाटी मोठी करा," तो म्हणाला. "आन् तिच्यावर कूट म्हनून लिवा."

सुजीला खांद्यावर टाकून बाहेर पडताना दीक्षानं एकदाच मागं पाहिलं. सगळं हॉटेल ताटावर वाकलेलं होतं. मघाची ती खिदळणारी पोरं, ती चिमणीवाली बाई, हात पुसत परत आलेला जाडसर माणूस. कुणी खात नव्हतं. चमच्यानं, बोटानं, जो तो आपल्या ताटातलं उकरून बघत होता, जणू आपण काय खातो ते आजवर कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं.

रिक्षा बाजारातून निघाली. समोर हातगाडी, मग बस, मग पुन्हा हातगाडी, किसन बाहेर अर्धा झुकून बनियनवर ओरडत होता, "ए भावा, सरक, पोरगी हाय आत!" दवाखाना जवळ होता, फार जवळ, आणि तरी. दीक्षाचा तळहात सुजीच्या छातीवर होता. छाती पाखरासारखी धडधडत होती. औषधानं असं होतं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, घाबरायचं नाही. ती घाबरली. तिनं कान मुलीच्या तोंडाशी नेला. श्वासात बारीक शिट्टी होती. शिट्टी आहे म्हणजे हवा जातेय. ती त्या शिट्टीला धरून बसली, अंधारात भिंतीला धरून चालावं तशी. पुलाखालून वळताना शिट्टी जरा रुंद झाली. पुढं कुठंतरी ती नाहीशी झाली आणि दीक्षानं कान आणखी जवळ नेला. मग कळलं, शिट्टी नाही, पण श्वास आहे. नुसता, साधा, भाजीच्या वासाचा.

"आबा," सुजी म्हणाली. घोगरा, चिरलेला, पण आवाज होता. "माझी पुरी राहिली."

किसननं आत मान घातली. त्याचे हात ओलेच होते; ते त्यानं नातीपासून लांब, रिक्षाच्या बाहेर धरले होते, वाऱ्यात.

"आनू की," तो म्हणाला. "इचारून आनू."